उभ्याने काम करणाऱ्यांचे पाय

मार्च सरत आला की नवी मुंबईत बूट-मोजे कपाटात जातात आणि सँडल बाहेर येतात. खाडीवरून येणारी दमट हवा, दुपारी तापलेले पेव्हर ब्लॉक, स्टेशनच्या भुयारी मार्गातली घुसमट, यात बंद बूट नकोसाच वाटतो. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, कुठल्याही स्टेशनवर संध्याकाळी उतरणाऱ्या बायकांचे पाय पाहा. सपाट चप्पल, धुळीने पांढऱ्या पडलेल्या टाचा आणि घोट्याजवळ पट्ट्याचा रुतलेला ठसा. मी तो ठसा आधी बघते. सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली, त्यामुळे नजरेला ती सवय लागली आहे. ठसा खोल असला की समजावं, पाय सुजलाय आणि ही बाई आज दिवसभर उभी होती.

उन्हाळा लागला की पेडिक्युअरच्या जाहिराती येतात, कोणत्या सँडलवर नखांना कोणता रंग शोभेल याचे सल्ले छापून येतात. ज्यांना हौस आहे त्यांनी ती जरूर करावी. पण या शहरातले सर्वांत थकलेले पाय पार्लरच्या त्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते साड्यांच्या शोरूममध्ये, मॉलच्या दारात, पोळीभाजी केंद्राच्या ओट्याशी, रुग्णालयाच्या वॉर्डात आणि तुर्भ्याच्या बाजारात उभे असतात. पायांची काळजी हा मुळात कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याकडे तसंच पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एका जागी उभं राहण्यात नेमकं काय बिघडतं ते आधी सांगते. पायांतलं रक्त हृदयाकडे परत जायचं तर त्याला वर चढावं लागतं. त्याला वर ढकलतात पोटरीचे स्नायू, तेही आवळले आणि सैल झाले तरच. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. म्हणून चालणाऱ्याचे पाय दमतात, पण एका जागी उभ्या असणाऱ्याचे पाय सुजतात. पोटरी हलत नाही, रक्त खाली साचतं, शिरा ताणल्या जातात. वर्षानुवर्षं हे चाललं की झडपा निकामी होऊ लागतात आणि पोटऱ्यांवर निळ्या-हिरव्या गाठाळ शिरा फुगून येतात. उन्हाळ्यात आणखी भर पडते. उष्म्याने त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घोट्याभोवती पाणी झिरपून साचतं. सकाळी सहज फिरणारी जोडवी संध्याकाळी बोटात रुततात ती यामुळेच.

जोडव्यांचा विषय मला फार जवळचा आहे. सूज इतकी चढलेली की जोडवी कापूनच काढावी लागली, अशा बायका मी पाहिल्या आहेत. सौभाग्याचं लेणं कसं उतरवू, म्हणून त्या थांबलेल्या असायच्या आणि तोवर बोट काळंनिळं पडलेलं असायचं. उन्हाळ्यात सैल माप घाला किंवा रात्री जोडवी काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच हे सुनांना आपणहून सांगितलं तर त्यांचा संकोच जाईल.

माझे वडील माथाडी होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते मुंबईला आले, आधी मशीद बंदरला लागले आणि बाजार खाडीपलीकडे आल्यावर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला. हमालाच्या पाठीबद्दल लोक विचारतात, पायांबद्दल कुणी विचारत नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली की तिचा सगळा भार शेवटी टाचेवर आणि चवड्यावर येतो. वडिलांच्या पायांत टायरच्या चपला असायच्या. टाचांच्या भेगांमध्ये कांद्याची माती अशी बसलेली असायची की ती धुऊनही निघत नसे. रात्री आई एरंडेल लावून काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय घासायची. वाटी तळव्यावर गोल गोल फिरायची, तेल काळं पडत जायचं आणि वडिलांना बसल्या जागी झोप लागायची. काळं तेल म्हणजे अंगातली उष्णता उतरली, असं आई म्हणे. वाटीतल्या धातूची तेलाशी आणि घामाशी प्रक्रिया होऊन तेल काळं पडतं, हे मी शिकल्यावर तिला सांगितलं. पण आराम खरा होता. तळपायाला मिळणारा दाब, पसरलेले पाय, दिवसात पहिल्यांदा टेकलेली पाठ आणि आपली कुणी काळजी घेतंय ही जाणीव, यातलं काहीच खोटं नव्हतं.

वडिलांच्या आयुष्याला ज्याने आकार दिला ते मात्र वाटीच्या पलीकडचं होतं. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगारांची नोंदणी झाली, मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला. पुढे कोपरखैरण्यात माथाडींची घरं झाली. कष्टाने झिजणाऱ्या शरीराची दखल कायद्याने घेता येते, हे महाराष्ट्राने तेव्हा देशाला दाखवलं. हे मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता घरी काय करावं ते. दिवसभर उभं राहून आलात तर सगळ्यात आधी आडवे व्हा. पोटऱ्यांखाली दोन उशा घ्या किंवा पाय भिंतीला टेकवून वर करा. पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच हवेत, पंधरा-वीस मिनिटं. इतकं बिनखर्ची आणि इतकं गुणकारी दुसरं काही मला माहीत नाही. अडचण अशी की बाई घरी येते ती थेट ओट्याशी जाऊन उभी राहते. दुकानातलं उभं राहणं संपतं आणि स्वयंपाकघरातलं सुरू होतं. आपल्या आज्या पाटावर बसून विळीवर भाजी चिरायच्या, परातीत पीठ मळायच्या. ओटा आला आणि स्वयंपाक उभ्याने करायचा ठरला. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खाली बसू नये, पण भाजी निवडणं, लसूण सोलणं, कणीक मळणं हे टेबलाशी खुर्चीवर बसून होतं. नवऱ्याने आणि मुलांनी ती वीस मिनिटं स्वयंपाकघर सांभाळलं तर आणखी उत्तम. मी हे विनंती म्हणून सांगत नाही, उपचार म्हणून सांगते आहे.

पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायला हरकत नाही. मीठ घालायचं तर घाला, पण आराम मिळतो तो पाण्याच्या उबेने असं मला वाटतं. जास्त वेळ भिजवलं तर कातडी उलट कोरडी पडते. भिजलेल्या टाचेवर वजरी हलक्या हाताने फिरवावी. ब्लेडने कातडी कापणं अजिबात नको, त्यातून किती जणांच्या जखमा चिघळलेल्या पाहिल्या आहेत. मग पाय पुसायचे आणि बोटांच्या बेचक्या वेगळ्या पुसायच्या. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बेचक्यांत बाराही महिने चिखल्या असतात, कारण त्यांचे पाय दिवसभर ओल्या मोरीत असतात. बाकीच्यांना त्या जूनमध्ये रबरी पावसाळी चपला घातल्यावर कळतात. चिखल्यांवर तेल चोपडू नये, ओल वाढते. तिथे कोरडेपणा आणि बुरशीवरचं मलम हेच औषध.

तेल टाचांना लावा. कोकणातल्या माणसांना भिरंडेल सांगायला नको. कोकमाच्या बियांचं हे तेल लोण्यासारखं घट्ट असतं. गोळा जरा गरम करून पातळ करायचा, भेगांमध्ये भरायचा आणि जुने सुती मोजे घालून झोपायचं. ते मिळालं नाही तर कैलास जीवन, व्हॅसलीन, युरिया असलेलं क्रीम, काहीही चालेल. लावण्यात खंड पडू नये, हे महत्त्वाचं. भेगा सँडलच्या दिवसांत वाढतात त्यालाही कारण आहे. मागून उघड्या चपलेत टाचेला आधार नसतो, वजन पडलं की टाचेतली चरबीची गादी बाजूला पसरते आणि कोरडी कातडी त्या ताणाने फाटते. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल बरी.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय आपल्या सर्वांत मोठ्या मापाचा झालेला असतो. सँडल हातात घेऊन वाकवून बघा. ती चवड्यापाशी वाकावी, मधोमध दुमडली तर तिच्यात दम नाही. टाच थोडी उचललेली हवी, तळ मऊ पण भरीव हवा. कोल्हापुरीबद्दल मला माया आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसली चप्पल दाखवली आणि श्रेयाचा वाद पेटला, तेव्हा मी कारागिरांच्या बाजूने भांडले. लग्नाकार्यात, देवळात, फिरायला कोल्हापुरी घालाच. आधी तिला तेल पाजा, थोडा थोडा वेळ घरात वापरा, म्हणजे ती लागणार नाही. पण आठ-दहा तास काउंटरमागे उभं राहायचं असेल तर तिचा सपाट कडक तळ टाचेला सोसत नाही.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं आणि चार पावलं चालल्यावर कमी होतं, अशी तक्रार उभ्याने काम करणाऱ्यांत फार. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्यातला जाड पडदा सुजलेला असतो. भिंतीला हात टेकवून पोटरी ताणा, पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तळव्याखाली मागेपुढे फिरवा. आणि घरातल्या लादीवर अनवाणी चालणं बंद करा. चप्पल घरात न घालण्याची आपली रीत चांगली आहे, ती मोडायची गरज नाही. घरातली मऊ सपाता वेगळी ठेवा, ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही इतकंच.

मधुमेह असलेल्यांना मात्र वरचे सगळे सल्ले तसेच लागू होत नाहीत, आणि इथे मी हात जोडून सांगते. साखरेने नसा बधिर होतात. मी ड्रेसिंग केलेल्या एका गृहस्थांच्या तळव्यात टाचणी गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता, मोज्याला रक्त लागल्यावर कळलं. चैत्रात आपल्या गावठाणांतली आगरी-कोळी मंडळी कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला जातात. भर दुपारी तापलेल्या दगडावर अनवाणी उभं राहिलं की बधिर पायाला चटका कळत नाही, फोड मात्र येतो, आणि तो फोड महिनोन् महिने भरत नाही. दर्शन पहाटे घ्या, देवी तीच आहे. मधुमेह असेल तर पाय गरम पाण्यात बुडवू नका, वजरी घासू नका, कुरुपावर दुकानातली पट्टी चिकटवू नका, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. रोज रात्री तळपाय आरशात बघा किंवा घरच्यांकडून बघून घ्या. आणि मधुमेह असो वा नसो, एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. शिरेत गाठ झालेली असू शकते. दोन्ही पायांची सूज रात्रभर झोपूनही उतरत नसेल तर हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्या.

इतकं सगळं केलं तरी सकाळ होते आणि तोच पाय पुन्हा दहा तास उभा राहतो. आमच्या शेजारची मुलगी एका मोठ्या शोरूममध्ये कामाला आहे. वय पंचविशीच्या आत, आणि पोटरीवर शिरा उमटू लागल्यात. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हाही बसायची मुभा नाही. बसलेलं कॅमेऱ्यात दिसलं तर विचारणा होते. तिला मी पाय वर करायला सांगितलं, चवड्यावर उभं राहून टाचा वरखाली करायला शिकवलं, ते ती करते. पण दुखण्याचं मूळ तिच्या घरात नाहीच.

दुकानात उभंच राहायचं असतं ही काही आपली परंपरा नव्हे. कापडाच्या जुन्या दुकानांत पांढरी गादी असायची. विकणारा बसलेला, गिऱ्हाईकही बसलेलं, मधे साड्यांच्या घड्या उलगडत असायच्या. मालाची शान कमी होत नव्हती आणि गिऱ्हाइकाचा अपमानही होत नव्हता. काचेचे उंच काउंटर आले, आणि बसलेला नोकर म्हणजे आळशी नोकर ही समजूतही आली. मालक मला सांगतात, लोकांना आवडत नाही. मी गिऱ्हाईक आहे, मला आवडतं. मला साडी दाखवणारी बाई दुखऱ्या टाचेवर वजन बदलत उभी आहे हे बघत खरेदी करणं मला आवडत नाही.

आपल्या लोकांना पाय दिसत नाहीत असंही नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी मुंबईत पोहोचले, तेव्हा त्यांच्या सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले आणि मुंबईकर चपला घेऊन रस्त्यावर आले. वारीत पालखी मुक्कामाला आली की अनोळखी माणसं वारकऱ्यांचे पाय चेपतात, चपला फुकट शिवून देतात. पायांची सेवा आपल्याला मनापासून कळते. पण रोज दुकान उघडताना त्याच माणसांच्या मनात ती येत नाही, ही मला खरी खंत आहे.

आणि कायदाही या बाबतीत अगदी मुका नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांना, संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करा, असं ते सांगत होतं. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. दुकानांसाठी सरळ पाऊल टाकलं ते केरळने. कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांची लढाई स्वच्छतागृहाच्या मागणीपासून सुरू झाली. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईने ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभी केली, आणि २०१८ मध्ये केरळच्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला गेला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसंच कलम घातलं. दुकानं ओस पडली नाहीत, साड्यांचा धंदा बुडाला नाही.

माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत दोन दक्षिणी राज्यांच्या मागे राहावं हे मला पटत नाही. आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात केरळ-तमिळनाडूसारखं स्पष्ट, स्वतंत्र कलम हवं: प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी बसायची जागा, आणि गिऱ्हाईक नसताना बसल्याबद्दल पगार कापता येणार नाही. त्याची तपासणी कामगार विभागाने करावी आणि तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव गुप्त राहावं. सोसायट्यांनी वॉचमनला खुर्ची द्यावी, अध्यक्ष आल्यावर उठून उभं राहायची सक्ती करू नये. रुग्णालयांनी नर्सिंग स्टेशनवर पुरेशी स्टुलं ठेवावीत, त्याशिवाय रात्रपाळीची नोंदवही उभ्यानेच लिहिली जाते, हे मी भोगलं आहे. यातल्या कुठल्याही गोष्टीला अंदाजपत्रक लागत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. लग्नसराई सुरू आहे, अक्षय्य तृतीयेची खरेदी तोंडावर आली आहे. यंदा पैसे देताना मालकाला एवढंच विचारा: तुमच्याकडे काम करणाऱ्यांना बसायला जागा कुठे आहे? दहा गिऱ्हाइकांनी एकाच आठवड्यात विचारलं तर अकराव्याला ती दिसेल.